ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं सप्तक घरी कसं बनवायचं (आणि मग गाण्यात कुठे वाजवायचं)

आधी नावाचा घोळ मिटवून टाकतो. लहान मुलांना वाढदिवसाला जो रंगीत आठ पट्ट्यांचा ‘झायलोफोन’ मिळतो ना, तो बहुतेक वेळा झायलोफोन नसतोच. झायलॉन म्हणजे ग्रीकमधे लाकूड, म्हणून लाकडी पट्ट्यांचा तो झायलोफोन. धातूच्या पट्ट्या असल्या की मेटॅलोफोन, आणि त्यातही पोलादाच्या छोट्या पट्ट्यांचा, एकदम वरच्या सप्तकात किणकिणणारा तो ग्लॉकनस्पील. व्हायब्राफोन म्हणजे याच घराण्यातला थोरला भाऊ, पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, प्रत्येकीखाली नळी, नळीच्या तोंडाशी मोटरवर फिरणारी चकती आणि पायाखाली पियानोसारखं पेडल. आपण जे बनवणार आहोत ते यांच्या मधलं काहीतरी आहे. पट्ट्या व्हायब्राफोनच्या धातूच्या, पण पेडल-मोटर काही नाही.

माझ्या भाचीला असाच एक रंगीत प्रकार मिळाला होता. दोन दिवस बडवला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, मामा, याचा म चुकीचा लागतोय. पेटी काढून बघितलं तर खरंच, म तीव्र मच्या वाटेला लागलेला आणि वरचा सा खालच्या साला ओळखही दाखवत नव्हता. सात वर्षांच्या पोरीला जे ऐकू येतं ते बनवणाऱ्याला येत नाही म्हटल्यावर मला जरा चेव आला, म्हटलं आपणच करू, पट्टी कापायची आणि ठोकायची, त्यात काय एवढं.

पहिल्या खेपेला मी पट्ट्या कापल्या, दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि फळीवर स्क्रूने घट्ट आवळल्या. वाजवल्यावर आवाज आला ठक. सगळ्या पट्ट्यांचा ठक, फक्त काही ठक जरा उंच, काही जरा खाली. तीच पट्टी हातात दोन बोटांत लोंबकळत धरली तर मात्र टिंगंग करून छान घुमायची. हे कोडं सुटलं की निम्मं काम झालं म्हणून तिथूनच सुरू करतो.

पट्टी वाजते तेव्हा ती वाकते. मधला भाग वर जातो तेव्हा दोन्ही टोकं खाली जातात, मग उलट. म्हणजे मधे कुठेतरी दोन जागा अशा असणार जिथे पट्टी हलतच नाही. या जागा प्रत्येक टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर येतात. पट्टीला आधार द्यायचा तो फक्त तिथे. टोकं आवळली की वाजणारा भागच गच्च धरला, मग ठक नाही तर काय येणार. खात्री करायची असेल तर पट्टीखाली दोन स्पंजचे तुकडे अंदाजाने ठेवा, वरून बारीक मीठ भुरभुरवा आणि मधोमध हलके हलके टोले देत राहा. मीठ नाचत नाचत सरकतं आणि दोन आडव्या रेघांत गोळा होतं, त्याच त्या जागा. भाची हा प्रकार अर्धा तास करत बसली होती आणि तेवढ्यात ताईचा अर्धा डबा मीठ संपलं, तर मीठ वेगळं काढून घ्या.

आता माल. मी पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीतून आणला, तुमच्या गावात जिथे खिडक्या-पार्टिशनवाले माल घेतात तिथे मिळेल. मागायचं काय तर ॲल्युमिनियमची चपटी पट्टी, २५ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड. साधारण १२ फुटांची अख्खी लांब येते आणि वजनावर विकतात, या मापाची १२ फुटी दीड किलोच्या आसपास भरते. दुकानदार विचारेल कशाला पाहिजे, खरं सांगू नका, मी सांगितलं तर काका म्हणाले “वाजवायला? मग तो पत्रा घ्या ना, तो जास्त वाजतो” आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली. ६०६१ ग्रेड मिळाली तर उत्तम, जरा कडक असते आणि जास्त वेळ घुमते. खिडकीवाली मऊ ६०६३ सुद्धा चालते. एकच करा, दुकानातच पट्टी बोटांत लोंबकळत धरून किल्लीने एक टोला मारून बघा आणि सरळ आहे का ते डोळ्यासमोर धरून बघा. वाकडी पट्टी घरी आणून सरळ करायच्या भानगडीत पडू नका.

लोखंडी एमएस (माइल्ड स्टीलची) पट्टी घेतली तर? गंमत अशी की त्याच जाडीला आणि त्याच लांबीला लोखंड आणि ॲल्युमिनियम जवळजवळ एकच स्वर देतात. लोखंड जड आहे पण तितकंच ताठही आहे, म्हणून हिशोब सारखा बसतो. पितळ मात्र जड असून तेवढं ताठ नाही, ते बरंच खाली बोलतं. लोखंडाचा आवाज जास्त टोकदार येतो पण कापताना घाम काढतं आणि पावसाळ्यात गंजतं, त्यामुळे पहिल्यांदा करताय तर ॲल्युमिनियमच घ्या.

लांबीचा नियम एकच लक्षात ठेवायचा. तारेची लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो, पण पट्टीचं तसं नाही, पट्टी निम्मी केली तर स्वर दोन सप्तकं वर जातो. एक सप्तक वर जायला लांबी ०.७०७ पट करायची, आणि प्रत्येक अर्ध्या स्वराला आधीच्या लांबीला ०.९७१५ ने गुणायचं. जाडी दुप्पट केली तर स्वर एक सप्तक वर. रुंदीने स्वराला काही फरक पडत नाही, ती फक्त टोला मारायला जागा म्हणून.

मी पांढरी १ चा (पाश्चात्त्य C चा) सा धरलाय, पेटीच्या मधल्या सप्तकाच्या एक सप्तक वरचा, म्हणजे ५२३ हर्ट्झ. ६ मिलिमीटर जाडीला हिशोबाने येणाऱ्या लांब्या मिलिमीटरमधे अशा: सा २४४, कोमल रे २३७, रे २३०, कोमल ग २२४, ग २१७, म २११, तीव्र म २०५, प १९९, कोमल ध १९४, ध १८८, कोमल नी १८३, नी १७८, वरचा सा १७३. सगळ्या १३ पट्ट्या मिळून २.६८ मीटर होतात, १२ फुटांत जवळजवळ एक मीटर उरतं, ते चुकांसाठी आणि चुका होणार आहेत. काळी १ किंवा काळी ४ पाहिजे असेल तर त्याच ०.९७१५ ने सगळं पुढेमागे सरकवा.

पण, आणि हा पण मोठा आहे, या मापांवर कापू नका. प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटर जास्त कापा. कारण बाजारातली ६ मिलिमीटर जाडी कधी ५.९ असते कधी ६.१, धातूचा ग्रेड वेगळा, करवतीचा हात वाकडा, आणि या लांबीला एक मिलिमीटर म्हणजे सा पाशी १४ सेंट आणि वरच्या सा पाशी २० सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचे शंभर भाग, ट्यूनरच्या ॲपमधे काटा हलतो ना ते. लांब पट्टी घासून छोटी करता येते, छोटी झालेली लांब करायचं मशीन अजून निघालेलं नाही.

कापायला बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड आणि व्हाइस. व्हाइसच्या जबड्यात जुन्या चपलेचे सोल घाला म्हणजे पट्टीवर वळ उठत नाहीत. ब्लेडला अधूनमधून रॉकेलचा थेंब, नसेल तर खोबरेल चालतं, नाहीतर ॲल्युमिनियम दातांत चिकटून बसतं. कानशीचंही तेच, दोन मिनिटांत दात गच्च भरतात आणि ती घासायच्या ऐवजी घसरायला लागते. त्यावर उपाय शाळेतला खडू, कानशीवर खडू घासायचा आणि मग काम करायचं, भरलेला माल ब्रशने झटकन निघतो. हे मला फॅब्रिकेशनवाल्या एका दादांनी सांगितलं तोवर मी दोन कानशी वाया गेल्या असं समजून ठेवून दिल्या होत्या. चष्मा घाला, आणि काम झाल्यावर झाडू मारल्याशिवाय अनवाणी फिरू नका, ॲल्युमिनियमचा कीस पायात गेला की दिसत नाही आणि निघत नाही.

आता भोकं. आधी भोकं, मग ट्यूनिंग, उलट केलंत तर भोकाने स्वर थोडा हलतो आणि परत घासत बसावं लागतं. प्रत्येक पट्टीची लांबी गुणिले ०.२२४, तेवढ्या अंतरावर दोन्हीकडून मधोमध खूण करा. सा च्या २४४ ला हे ५५ मिलिमीटर येतं, वरच्या सा ला ३९. तिथे ६ मिलिमीटरचं भोक. पंचने आधी टिंब पाडा नाहीतर ड्रिल सरकतं.

फ्रेमसाठी लाकडाच्या दोन पट्ट्या V सारख्या तिरक्या ठेवायच्या, सा च्या बाजूला त्यांच्यात १३५ मिलिमीटर अंतर आणि वरच्या सा च्या बाजूला ९५, म्हणजे सगळ्या भोकांखाली लाकूड आपोआप येतं. पट्ट्यांमधे ६-६ मिलिमीटर फट ठेवली तर पूर्ण वाद्य ४० सेंटीमीटर लांबीत बसतं. लाकडावर गालिच्याच्या कडेची किंवा जुन्या स्वेटरची लोकरीची पट्टी चिकटवा, खिडकीचा फोम पण चालतो पण तो वर्षभरात दबतो. प्रत्येक भोकातून ३ मिलिमीटरचा खिळा, आणि खिळ्यावर सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी सरकवायची. ही नळी सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळते आणि पूर्ण वाद्यातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचा पार्ट तीच आहे, कारण धातूला धातू लागला की प्रत्येक टोल्यामागे जी झिर्र येते ती तिच्यामुळे बंद होते. खिळा ठोकून पट्टी दाबायची नाही हं, पट्टी नुसती बसलेली पाहिजे, बोटाने उचलली तर वर आली पाहिजे.

ट्यूनिंग. इथे घाई नको, मी दोन रविवार घालवले.

पहिलं म्हणजे कशाला जुळवणार ते ठरवा. ॲप ४४० वर (म्हणजे पांढरी १ च्या मधल्या ध ला ४४० हर्ट्झ) सेट असतो पण तुमची पेटी ४४० ला असेलच असं नाही. माझी पेटी १५ सेंट वर निघाली, म्हणजे ॲपप्रमाणे परफेक्ट केलेलं वाद्य माझ्याच घरात बेसूर वाटलं असतं. पेटीचे स्वर परत लावणं हे घरचं काम नाही आणि पट्टीही पुन्हा पुन्हा घासत बसण्यात अर्थ नाही, म्हणून ज्याच्याबरोबर रोज वाजणार आहे त्याला जुळवा. फक्त रेकॉर्डेड ट्रॅकवर वाजवणार असाल तर ४४०.

दुसरं, टोला बरोबर मधोमध मारा आणि मऊ टोकाच्या काठीने. पट्टीतून मूळ स्वराबरोबर वरचा अजून एक स्वर निघतो, मूळच्या २.७६ पट, जो सप्तकात कुठेच बसत नाही आणि ट्यूनर गोंधळतो. त्या वरच्या स्वराची न हलणारी एक जागा नेमकी पट्टीच्या मध्यावर असते, त्यामुळे मधे मारलं की तो उठतच नाही. व्हायब्राफोनवाले तर पट्टीच्या पोटातून कमानीसारखा माल काढून हा वरचा स्वर बरोबर ४ पट, म्हणजे दोन सप्तकं वर, नेऊन बसवतात, म्हणून त्याचा आवाज असा गोल येतो. आपण त्या फंदात पडायचं नाही.

स्वर चढवायचा असेल तर टोक घासा. उतरवायचा असेल तर पट्टी उलटी करा आणि पोटाला मधोमध आडवी कानस चालवा, चार-पाच हात मारले की उतरतो. हे दुसरं माहीत असलं की छोट्या चुका वाचतात, पण अर्धा स्वर उतरवायचा विचार करू नका, पट्टी मधे पातळ होऊन आवाज मेणचट होतो.

आणि आता माझी फेमस चूक. एक पट्टी, कोमल ग ची, मी सलग घासत होतो, काटा बरोबर मधे आला, मी खूश, चहा प्यायला गेलो, परत येऊन वाजवली तर आठ-दहा सेंट वर. वाटलं ॲप खराब. परत पोटाला घासून उतरवली, परत चहा, परत वर. तिसऱ्या वेळेला हात लावल्यावर कळलं, पट्टी घासून गरम झालेली होती. गरम धातू जरा मऊ पडतो आणि खाली बोलतो, थंड झाला की वर चढतो. तेव्हापासून शेजारी पाण्याची बादली. घासा, बुडवा, पुसा, दोन मिनिटं थांबा, मग ऐका. शेवटचे पाच सेंट तर सकाळी उठून पट्टी थंडगार असताना केलेले बरे.

तानपुऱ्याबरोबर वाजवणार असाल तर अजून एक विचार करायचाय. ॲपचा ग आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा ग एक नाही. शुद्ध ग सुमारे १४ सेंट खाली, ध १६ खाली, नी १२ खाली असतो, प आणि म मधे फक्त दोन सेंटचा फरक. ग ची पट्टी जेमतेम एक मिलिमीटर लांब ठेवली की तो तानपुऱ्यात असा काही मिसळतो की अंगावर काटा येतो, पण मग कीबोर्डबरोबर तोच ग उतरलेला वाटेल. दोन्ही पाहिजे असेल तर उरलेल्या एक मीटरमधून ग, ध, नी च्या जादा पट्ट्या करून ठेवा, व्हॉल्व्हच्या नळीतून काढून बदलायला अर्धं मिनिट लागतं. मी तेच केलंय, मागे मार्करने ‘तानपुरा’ लिहून.

काठ्या घरीच होतात. बांबूची पेन्सिलपेक्षा बारीक काठी, ३० सेंटीमीटरच्या आसपास, आणि टोकाला लाकडी मणी एम-सीलने बसवला की झाली कडक काठी. उसळणारा रबरी चेंडू भोक पाडून लावला की मऊ काठी. त्यावर लोकर गुंडाळली की अजून मऊ. धातूची टोकं ॲल्युमिनियमवर वापरू नका, खड्डे पडतात, ती पोलादाच्या ग्लॉकनस्पीलसाठी.

आवाज कमी वाटला तर खाली पीव्हीसी पाइपच्या नळ्या लावता येतात, तळ बंद, तोंड पट्टीच्या मध्याखाली. सा ला सुमारे १६ सेंटीमीटर, वरच्या सा ला त्याच्या निम्म्याच्या आसपास. नेमकी लांबी काढायची युक्ती जलतरंगवाल्यांची, नळी थोडी लांब घ्या आणि पट्टी वाजवत वाजवत आत पाणी ओता, एका पातळीला आवाज एकदम फुलतो, तिथे खूण करा, तळ तेवढा वर घ्या. नळी लावल्यावर स्वर मोठा होतो पण लवकर विझतो, तेवढीच ताकद पटापट खर्च होते. मी फक्त खालच्या सहा पट्ट्यांना लावल्यात, वरच्यांना गरज वाटली नाही.

नळ्यांवरून आठवलं, पट्टीऐवजी नळीच वाजवायची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. बाबा अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी मैहर बँडसाठी नलतरंग बनवून घेतला तो बंदुकीच्या नळ्या कापून. नळीलाही लांबीचा तोच नियम आणि २२.४ टक्क्यांचाच आधार, त्यामुळे घरात पडद्याचे जुने रॉड असतील तर त्यांचंही हेच करता येईल, फक्त बायकोला विचारून.

वाजवायचं कसं. काठी अंगठा आणि पहिल्या बोटात सैल धरा, बाकीची बोटं नुसती मागे. टोला मारल्यावर काठी तिथे रेंगाळली तर तीच आवाज मारते, त्यामुळे तापलेल्या तव्याला बोट लागल्यावर हात जसा मागे येतो तशी काठी उठली पाहिजे. डावा उजवा आलटून पालटून, सारेग रेगम गमप असे साधे अलंकार आठवडाभर. मधे मारलं की गोल आवाज, टोकाकडे मारलं की टोकदार, आणि खिळ्यावर मारलं की मेला, तो मुद्दाम वापरायचा असेल तर ठीक.

पण खरं शिकायचंय ते गप्प करणं. लांब पट्टी तीन-चार सेकंद घुमत राहते. सा वाजवला, रे वाजवला, ग वाजवला, तर तिसऱ्याला तिन्ही एकदम ऐकू येतात आणि सगळा चिखल. तबल्यात खुला बोल आणि बंद बोल असतो ना, तसंच इथे, पुढचा स्वर वाजवताना आधीच्या पट्टीवर दुसऱ्या हाताचं बोट किंवा काठीचं मऊ टोक टेकवायचं. व्हायब्राफोनवाल्याला हे काम पेडल करून देतं, आपल्याला बोटं आहेत. सगळंच बंद करायचं नाही, सा आणि प घुमू द्यायचे, रे, म, नी लगेच मिटायचे, दोन दिवसांत कानाला कळतं कुठला राहिला तर गोड लागतो.

यावर मींड नाही, गमक नाही, आंदोलन नाही, म्हणजे स्वर घसरवणं-झुलवणं काही जमत नाही. म्हणून दरबारीचा कोमल ग यावर काढायला जाऊ नका, तो नुसता एक ठोका होऊन बसतो. भूप, दुर्गा, हंसध्वनी यांसारखे कमी स्वरांचे, मोकळे राग छान बसतात. लहान मुलांसाठी तर सरळ म आणि नी च्या पट्ट्या काढूनच टाका, कोमल-तीव्रही काढा, उरला भूप, आता पोराने कसंही बडवलं तरी चुकीचं वाजतच नाही. जर्मनीत कार्ल ऑर्फने मुलांच्या संगीतशिक्षणासाठी काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांची वाद्यं वापरली ती याच हिशोबाने. भाची आता स्वतःच ठरवते आज कुठल्या पट्ट्या घरी आणि कुठल्या डब्यात.

गाण्यात वापरताना कमी वापरा, अगदी जेवणातल्या मिठासारखं. पूर्वी मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी आणि बुजी यांच्यासारखी तालवाद्यांत मुरलेली माणसं असायची, आणि त्या काळच्या गाण्यांचे इंटरल्यूड (कडव्यांमधले वाद्यांचे तुकडे) नीट ऐकलेत तर हे किणकिणणारं वाद्य पूर्ण ओळ क्वचितच वाजवतं. ओळ संपली, गायक श्वास घेतोय, तिथे तीन स्वर. समेवर एक वरचा सा. बासरीच्या ओळीला एक सप्तक वरून हलकी जोड, म्हणजे बासरी चमकते आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही की अजून काही वाजतंय. गायकाच्या स्वरालाच चिकटून वाजवलंत तर मात्र गायक चिडेल आणि बरोबर चिडेल, कारण त्याने ग जरा झुलवला की तुमच्या पट्टीचा ग तिथेच खिळा मारल्यासारखा उभा. ऑर्केस्ट्रात चायकोव्हस्कीने १८९२ मधल्या बॅलेत सेलेस्टा वापरला, तोही आतून धातूच्या पट्ट्याच, फक्त पियानोसारखी कळ दाबली की हातोडी पडते, तिथेही मागे सगळे हळू आणि याला मोकळी जागा.

एक मजेची युक्ती. सा ची अजून एक पट्टी करा आणि ती मुद्दाम १५ सेंट वर ठेवा. दोन्ही एकदम वाजवल्या की आवाज लाटेसारखा थरथरतो, ५२३ च्या सा ला सेकंदाला साडेचार लाटा. चांगल्या टाळाच्या जोडीत दोन वाट्या किंचित वेगळ्या लागतात, तीच थरथर. बालीचे गामेलानवाले तर पूर्ण वाद्यंच अशी जोडीने बनवतात, एक किंचित वर एक किंचित खाली, आणि त्या थरथरीला त्यांच्याकडे ओंबाक म्हणजे लाट असंच नाव आहे. भजनात शेवटच्या गजरात मी ही जोडी वाजवतो, टाळांत बेमालूम मिसळते.

रेकॉर्डिंग करताना फोन पट्ट्यांना चिकटवून ठेवू नका. टोल्याचा पहिला क्षण फार मोठा असतो, कानाला हळू वाटलं तरी माइकमधे फाटतो. वरून ४०-५० सेंटीमीटरवर, लेव्हल वाटते त्याच्या निम्मी, आणि पंखा बंद. एडिट करताना २०० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे आपलं काही नसतं, फक्त टेबलाचे धक्के असतात. रिव्हर्ब (घुमारा) घालायचा मोह होतो पण हे वाद्य स्वतःच रिव्हर्ब आहे, आधी नुसतं ऐका मग ठरवा.

देखभाल म्हणाल तर वाजवून झालं की कोरड्या फडक्याने घाम पुसायचा, आणि वर्षातून एकदा व्हॉल्व्हच्या नळ्या बदलायच्या, रबर कडक झालं की झिर्र परत येते. माझी आलीच होती गेल्या गणपतीत, आरतीला पाच मिनिटं असताना, कोमल नी पाशी. आरतीत कोमल नी लागत नव्हता, म्हणून ती पट्टी काढून खिशात टाकली आणि वाजवलं.